गुणांचा काटा

नागपूरच्या इतवारी बाजारांत धान्य घेण्यास गेलेला शहाणा मनुष्य दोन गोष्टी पाहतो. माल कसा आहे हें तर तो पाहतोच. पण काटा खरा आहे कीं नाहीं हेंहि पाहतो. दुकानदाराच्या वजनांवर सरकारी शिक्का असतो, आणि ठराविक मुदतीनें तीं वजनें तपासून तो शिक्का पुन्हां मारून घ्यावा लागतो. त्या शिक्क्यामुळें गिऱ्हाइकाला शंका घेण्याचें कारण उरत नाहीं, आणि प्रामाणिक व्यापाऱ्यालाहि आपल्या सचोटीची शपथ घ्यावी लागत नाहीं.

शाळेच्या शेवटच्या वर्षीं आपलेंहि असेंच वजन होतें. उन्हाळ्याच्या तोंडीं परीक्षा होते, पुढें निकाल लागतो, आणि घरोघरीं एकच प्रश्न विचारला जातो, "किती टक्के?" त्या एका आंकड्यावर कोणाला आवडीचें महाविद्यालय मिळतें, कोणाला आवडीची विद्याशाखा सोडावी लागते, आणि कोणाच्या वडिलांना न झेपणाऱ्या शुल्काची तजवीज करीत हिंडावें लागतें. इतकें ज्यावर अवलंबून आहे तो काटा खरा आहे काय, त्यावर शिक्का कोणाचा, आणि तो चुकला तर दाद कोठें मागावी, हे प्रश्न विद्यार्थ्यानें विचारणें हा उद्धटपणा नव्हे. तें त्याचें कर्तव्यच आहे. त्या प्रश्नांचा थोडा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

एक परीक्षा, दोन कामें

प्रथम थोडा इतिहास पाहूं. आपल्या भागांत विद्यापीठ नव्हतें तेव्हां येथील महाविद्यालयें दूरच्या विद्यापीठांना जोडलेलीं असत. १८८३ सालीं स्थापन झालेलें हिस्लॉप कॉलेज आधीं कलकत्ता विद्यापीठाशीं संलग्न होतें, १९०४ नंतर अलाहाबाद विद्यापीठाशीं. आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजीं नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याला घरचें विद्यापीठ मिळालें. त्या काळच्या परीक्षेचें नांव मॅट्रिक्युलेशन. या शब्दाचा मूळ अर्थ पटावर नांव दाखल करणें असा आहे. म्हणजे ती परीक्षा शाळेचें शिक्षण पुरें झाल्याची खूण म्हणून नव्हे, तर विद्यापीठाचें दार उघडण्यासाठीं निघाली. मुंबई विद्यापीठाची अशी पहिली परीक्षा १८५९ सालीं झाली आणि तींत उत्तीर्ण झालेल्या मूठभर तरुणांत महादेव गोविंद रानडे हे एक होते. उत्तीर्ण होणारेच थोडे असल्यामुळें पहिला कोण आणि शंभरावा कोण हा तंटा त्या वेळीं फारसा नव्हता.

पुढें शाळा वाढल्या, विद्यार्थी वाढले. १९६५ च्या कायद्यान्वयें १ जानेवारी १९६६ पासून महाराष्ट्राचें राज्य मंडळ अस्तित्वांत आलें. आज नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील दहावी-बारावीच्या परीक्षांचा कारभार नागपूर विभागीय मंडळ पाहतें. परीक्षेचें स्वरूप बदललें, तरी एक जुना घोटाळा मात्र तसाच राहिला. आपण एकाच परीक्षेकडून दोन निराळीं कामें करून घेतों.

पहिलें काम, विद्यार्थी शिकला कीं नाहीं हें सांगणें. दुसरें काम, जागा थोड्या आणि मागणारे फार अशा वेळीं आधीं कोणाला घ्यावें हें सांगणें. विहिरींत उतरलेला मुलगा बुडत नाहीं एवढें पाहणें निराळें, आणि दहा पोहणाऱ्यांत पहिला कोण हें ठरविणें निराळें. पहिल्या कामांत थोडी उदारता खपते. काठावरच्या मुलाला एक गुण अधिक मिळून तो उत्तीर्ण झाला, तर त्यांत दुसऱ्या कोणाचें नुकसान होत नाहीं. दुसऱ्या कामांत मात्र तसें नाहीं. तेथें एकाला दिलेला फुकटचा गुण हा दुसऱ्याच्या ताटांतून उचललेला घांस असतो. गुणदानाविषयींचे बहुतेक वाद या दोन कामांतील भेद विसरल्यामुळेंच उद्भवतात.

परीक्षकाचा हात

आतां काट्याकडे वळूं. धान्याचा काटा लोखंडाचा असतो. गुणांचा काटा मनुष्याचा हात असतो. तो किती स्थिर असतो याची चौकशी फार पूर्वीं झालेली आहे. एज्वर्थ नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें १८८८ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, ज्योतिषी ताऱ्याचें स्थान मोजतात तेव्हां जशी प्रत्येक मोजणींत थोडी चूक राहते, तशीच ती परीक्षेच्या गुणांतहि राहते; सबब काठावर उत्तीर्ण आणि काठावर अनुत्तीर्ण यांच्यांतील अंतर पुष्कळदां दैवाचें असतें. पुढें १९१३ सालीं अमेरिकेंत स्टार्च व एलियट या दोघांनीं भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे पाठविली. भूमितींत तरी मतभेद नसावा असें आपणांस वाटतें. परंतु त्या एकाच उत्तरपत्रिकेला कोणी २८ गुण दिले, तर कोणी ९२.

याहून बोलका प्रयोग सर फिलिप हार्टॉग यांच्या नांवाशीं निगडित आहे. हे गृहस्थ आपल्या देशाला परके नव्हते. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरु होते, आणि भारतीय शिक्षणाची पाहणी करणारी १९२९ ची हार्टॉग समिति ती त्यांचीच. परीक्षांची परीक्षा घेणारा त्यांचा व र्‍होड्स यांचा वृत्तान्त १९३५ सालीं प्रसिद्ध झाला. मूळ परीक्षेंत सारखेच गुण मिळालेल्या इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका त्यांनीं पंधरा परीक्षकांकडून पुन्हां तपासून घेतल्या. तेव्हां चाळिसांहून अधिक निरनिराळे आंकडे निघाले. इतकेंच नव्हे, तर एक-दीड वर्षानें त्यांतील चौदा परीक्षकांना त्याच उत्तरपत्रिका पुन्हां देण्यांत आल्या, आणि २१० निर्णयांपैकीं ९२ निर्णय बदलले. म्हणजे पूर्वीं ज्याला त्यांनीं उत्तीर्ण म्हटलें त्याला अनुत्तीर्ण, अथवा ज्याला साधारण म्हटलें त्याला चांगला, असें त्याच परीक्षकांनीं ठरविलें. येथें लबाडी कोणीच केलेली नव्हती. मनुष्याचा हात स्वतःशींहि सदैव एकमत नसतो, एवढाच याचा अर्थ.

हें जाणूनच परीक्षा-मंडळांनीं उपाय योजिले आहेत. परीक्षकांना नमुना-उत्तरें दिलीं जातात. त्यांनीं तपासलेल्या उत्तरपत्रिकांतील कांहीं नियामक पुन्हां पाहतात, आणि हात सैल अथवा कडक आढळल्यास तो दुरुस्त करतात. विद्यार्थ्याची ओळख परीक्षकाला कळूं नये म्हणून उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो. २००७ सालीं उत्तर प्रदेशांतील न्यायसेवेच्या परीक्षेविषयीं निर्णय देतांना सर्वोच्च न्यायालयानेंहि हाच भेद स्पष्ट केला. सर्वांनीं एकच प्रश्नपत्रिका सोडविली असून परीक्षक मात्र निराळे असतील, तर नियामकाकरवीं हात जुळविणें हा योग्य उपाय होय. निरनिराळ्या विषयांच्या गुणांची तुलना करण्यासाठीं असलेलें गणिती सूत्र तेथें लावूं नये. कारण आजाराप्रमाणें औषध बदलतें.

काटा उघडा असावा

बाजारांतला काटा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असतो. गुणांचा काटा मात्र पुष्कळ वर्षें बंद खोलींत होता. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाचा नियम असा होता कीं, विद्यार्थ्यानें फार तर गुणांची बेरीज पडताळून घ्यावी; उत्तरपत्रिका पाहण्याचा अथवा ती पुन्हां तपासून घेण्याचा हक्क त्याला नाहीं. या नियमाविरुद्ध विद्यार्थी न्यायालयांत गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा कौल त्यांच्या बाजूनें झाला. परंतु १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरवून मंडळाचा नियम कायम केला. लक्षावधि उत्तरपत्रिका उघडून दाखवीत बसल्यास निकालाला अंतच राहणार नाहीं, आणि परीक्षेच्या कारभारांत न्यायालयानें जपून हात घालावा, असा त्या निर्णयाचा आशय होता.

त्या युक्तिवादांत तथ्य नव्हतें असें नाहीं. तथापि काळ बदलला. २००५ सालीं माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला, आणि २०११ सालीं केंद्रीय मंडळाच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, तपासलेली उत्तरपत्रिका ही त्या कायद्याच्या अर्थानें माहितीच आहे, आणि परीक्षार्थ्याला ती पाहतां आली पाहिजे. आज आपल्या राज्य मंडळांतहि गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन हे तिन्ही मार्ग खुले आहेत. मात्र पुनर्मूल्यांकनासाठीं आधीं छायाप्रत घ्यावी लागते, आणि मुदत थोड्या दिवसांचीच असते. त्यासाठीं शुल्कहि भरावें लागतें, ही गोष्ट गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीनें उपेक्षणीय नाहीं. पण तत्त्व मान्य झालें हें महत्त्वाचें. ज्याचें वजन होतें त्याला काटा पाहूं दिल्यानें काट्याचा अपमान होत नाहीं.

दोन मापें आणि एकच यादी

येथपर्यंत एकाच मंडळाच्या परीक्षेचा विचार झाला. आतां समजा कीं, एकाच दुकानांत दोन मापें आहेत; एका गिऱ्हाइकाला मोठ्या मापानें मोजलें, दुसऱ्याला लहान मापानें, आणि मग दोघांच्या मापांची संख्या एकाच वहींत लिहून तुलना केली. असा हिशेब कोण मान्य करील? अकरावीच्या प्रवेशांत नेमका हाच प्रश्न उभा राहतो. राज्य मंडळ, केंद्रीय मंडळ आणि आय्. सी. एस्. ई. या तिन्ही परीक्षांतून आलेले विद्यार्थी एकाच गुणवत्ता-यादींत बसविले जातात. आणि त्यांचे अभ्यासक्रम, प्रश्न व गुण देण्याच्या रीति सारख्या नाहींत.

या अडचणीवर तोडगा काढण्याचा शासनानें अनेकदां प्रयत्न केला. २००९ सालीं असें ठरलें कीं, प्रत्येक मंडळांतील पहिल्या दहा विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी काढावी, आणि तिच्याशीं प्रत्येकाचे गुण ताडून पाहावे. मुंबई उच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. दहा विद्यार्थ्यांवरून लाखोंचें माप ठरविणें हें सूत्र दिसण्यांत सोपें असलें, तरी पाया फार अरुंद होता. २०१० सालीं राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठीं सहांपैकीं उत्तम पांच विषयांचे गुण धरण्याची पद्धति आली. तीहि उच्च न्यायालयानें रद्द केली; परंतु सर्वोच्च न्यायालयानें ती चालूं दिली, आणि ती टिकली.

यापुढचें प्रकरण आपल्या विभागाला विशेष झोंबणारें आहे. भाषा व सामाजिक शास्त्रें या विषयांत १०० पैकीं २० गुण शाळेच्या हातीं होते. बहुतेक शाळा ते सढळ हातानें देत. ज्याला शाळेनें २० पैकीं २० दिले, त्याला उत्तीर्ण होण्यास लागणारे ३५ गुण पुरे करण्यासाठीं उरलेल्या ८० पैकीं अवघे १५ पुरत. ही उधळण थांबवावी म्हणून मार्च २०१९ च्या दहावीच्या परीक्षेंत या विषयांतील हे अंतर्गत गुण काढून टाकले. परिणाम तत्काळ दिसला. २०१८ सालीं राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो २०१९ सालीं ७७.१० टक्क्यांवर आला. आणि नागपूर विभागाचा निकाल ६७.२७ टक्के, म्हणजे राज्यांत सर्वांत खालीं. पण इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण होते तसेच राहिले, आणि यादी मात्र एकच. ओरड झाली, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टांत शासनानें ते २० गुण पुढील परीक्षेपासून परत आणिले.

यांत अन्याय कोठें झाला हें नीट ओळखलें पाहिजे. कडक तपासणी हा अन्याय नव्हता. फुकटचे गुण कोणाच्याहि हिताचे नाहींत. अन्याय झाला तो एकाच बाजूचें माप बदलून यादी एकच ठेविली म्हणून. एकाच घरांतील थोरला भाऊ मार्च २०१९ मध्यें परीक्षेला बसला आणि धाकटी बहीण मार्च २०२० मध्यें, अशी कल्पना करा. दोघांची बुद्धि सारखी, मेहनत सारखी. परंतु कागदावर बहीण भावापेक्षां पुष्कळ हुशार ठरेल. पुढें पांच वर्षांनीं नोकरीसाठीं दोघांचीं गुणपत्रकें शेजारीं ठेवणाराला या फरकाचें कारण कोण सांगणार?

परीक्षाच झाली नाहीं तेव्हां

परीक्षेवर रुष्ट झालेले कित्येक म्हणतात, "परीक्षाच नको, शिक्षक मुलाला ओळखतो, त्यानेंच गुण द्यावे." याचाहि अनुभव जगानें घेतला. करोनाच्या साथीमुळें २०२१ सालीं राज्य मंडळाची दहावीची परीक्षा रद्द झाली. प्रत्येक विषयांत नववीच्या निकालावरून ५० गुण, दहावीच्या वर्षांतील लेखी मूल्यमापनावरून ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक व अंतर्गत कामावरून २०, असे मिळून १०० गुण ठरविण्यांत आले. निकाल लागला ९९.९५ टक्के. संकटकाळीं दुसरा मार्ग नव्हता, आणि मुलांचें वर्ष वांचलें हें खरें. तथापि सगळेच उत्तीर्ण झाल्यावर अकरावीसाठीं निवड कशी करावी? शासनानें ऑगस्टमध्यें स्वतंत्र सामायिक परीक्षा जाहीर केली. १० ऑगस्ट २०२१ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें ती रद्द केली. साथीच्या दिवसांत लाखों मुलांना परीक्षागृहांत बोलाविणें, आणि तेंहि राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर, हें न्यायालयाला मान्य झालें नाहीं.

इंग्लंडमध्यें याच्या उलट घडलें. तेथें २०२० सालीं शिक्षकांचे अंदाज सढळ वाटल्यामुळें एका गणिती सूत्रानें ते खालीं ओढण्यांत आले. त्या सूत्रांत शाळेच्या मागील वर्षांच्या निकालाला मोठें स्थान होतें. सुमारें चाळीस टक्के श्रेणी शिक्षकांनीं सुचविलेल्यापेक्षां खालीं गेल्या. ज्या शाळेंत पूर्वीं कोणी उत्तम श्रेणी मिळविली नव्हती, तेथील हुशार मुलाला त्याच्या आधीं शिकून गेलेल्यांचा निकाल भोंवला. आणि लहान वर्ग असलेल्या शाळांत, ज्यांत खासगी शाळा पुष्कळ होत्या, सूत्र नीट लागत नसल्यानें शिक्षकांचाच अंदाज बहुधा कायम राहिला. १३ ऑगस्टला लागलेला तो निकाल चारच दिवसांत मागें घ्यावा लागला.

आपल्याकडे शिक्षकाच्या उदारतेवर सोंपविलें तेव्हां माप फुगलें. तेथें सूत्रावर सोंपविलें तेव्हां मूल आपल्या शाळेच्या भूतकाळाशीं बांधलें गेलें. लेखी परीक्षेचे दोष कितीहि असोत, तिचा एक मोठा गुण या दोन अनुभवांनीं पटतो. ती निनांवी असते. तिच्यापुढें गडचिरोलीच्या आश्रमशाळेंतील मुलगी आणि धरमपेठेंतील डॉक्टरांचा मुलगा यांच्या उत्तरपत्रिका सारख्याच दिसतात.

टक्के आणि पर्सेंटाइल

बारावीनंतर अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठीं राज्यांत स्वतंत्र सामायिक परीक्षा आहे, तिला आपण सी. ई. टी. म्हणतों. २०१९ पासून ती संगणकावर अनेक सत्रांत होते, आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. मग सोंप्या व अवघड प्रश्नपत्रिकेचा हिशेब कसा जुळवावा? त्यासाठीं पर्सेंटाइल काढतात. हा शब्द ऐकून पुष्कळांना टक्क्यांचा भास होतो; म्हणून तो एकदां नीट समजून घेऊं.

आपल्या सत्रांत जितके परीक्षार्थी बसले, त्यांपैकीं आपल्याइतके अथवा आपल्याहून कमी गुण किती जणांना मिळाले, तें मोजावें. त्या संख्येला एकंदर परीक्षार्थ्यांच्या संख्येनें भागावें व १०० नें गुणावें. समजा, एका सत्रांत २०,००० जण बसले आणि प्रश्नपत्रिका सोंपी निघाली. तेथें १२० गुण मिळविणाराच्या बरोबरीनें अथवा खालीं १८,००० जण आहेत. दुसऱ्या सत्रांतहि २०,००० जण बसले, पण प्रश्नपत्रिका अवघड होती. तेथें १०५ गुण मिळविणाराच्या बरोबरीनें अथवा खालीं १८,००० जण आहेत. दोघांचेंहि पर्सेंटाइल ९० च आलें. म्हणजे येथें ज्ञानाचें माप घेतलें नसून रांगेंतील जागा मोजली आहे. आणि प्रवेशाचा प्रश्न रांगेचाच असल्यामुळें ही रीति त्या कामाला योग्य आहे. मात्र तींत एक गृहीत दडलेलें आहे. दोन्ही सत्रांतील मुलांचा मेळ सर्वसाधारणपणें सारखा असला पाहिजे. एका सत्रांत हुशार मुलें अधिक जमलीं, तर त्यांतील प्रत्येकाची जागा विनाकारण खालीं सरकेल.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. पर्सेंटाइल दशांशचिन्हापुढें सात स्थळांपर्यंत काढतात. त्यायोगें बरोबरी टळते व रांग लावणें सुलभ होतें. पण सात अंकांमुळें सात अंकांइतकी अचूकता येते असें नव्हे. वखारीच्या काट्यावर सरपण तोलावें आणि वजन मात्र गुंजांत सांगावें, तसाच तो प्रकार आहे. दहावीच्या ५०० गुणांत ९४.२ आणि ९४.४ टक्के यांत अवघ्या एका गुणाचें अंतर असतें. आणि परीक्षकाच्या हाताचा कंप किती असतो तें आपण वर पाहिलेंच. एवढ्या फरकानें जागा कोणाला तरी द्यावी लागते, हें मान्य. परंतु ज्याला ती मिळाली नाहीं तो कमी योग्यतेचा होता, असें म्हणण्याचा अधिकार त्या आंकड्यानें कोणालाहि दिलेला नाहीं.

शालान्त गुण व प्रवेश-परीक्षा यांचा मेळ घालण्याचाहि प्रयत्न झाला आहे. २०१३ ते २०१६ या काळांत देशांतील राष्ट्रीय तंत्रशिक्षण संस्थांच्या प्रवेशासाठीं जे. ई. ई. मेनच्या गुणांना ६० टक्के आणि मंडळामंडळांतील फरक जुळवून घेतलेल्या बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होतें. मुलांनीं बारावीचा वर्ग ओस पाडून केवळ शिकवणीवर्ग गांठूं नयेत, हा हेतु चांगला होता. परंतु निरनिराळ्या मंडळांचे निकाल वेळेवर जमविणें आणि ते जुळविणें कठीण गेलें, व २०१७ पासून ती रीति थांबली. आज बारावीचे गुण पुष्कळ ठिकाणीं केवळ पात्रतेपुरते उरले आहेत. आणि त्यामुळें दोन वर्षें वर्गांत मन लावून शिकणाऱ्या मुलाच्या श्रमांचें मोल एका दिवसाच्या तीन तासांत करावें लागतें.

शर्यत आणि आरंभरेषा

काटा अगदीं खरा असला, तरी एक प्रश्न उरतोच. शर्यत एकाच रेषेपासून सुरू झाली काय? वैद्यकीय प्रवेशाचें उदाहरण घेऊं. आपल्या राज्यांत पुष्कळ वर्षें असा नियम होता कीं, विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग मानून प्रत्येक भागांतील ७० टक्के जागा त्या भागांत शिकलेल्या मुलांना द्याव्या आणि ३० टक्के सर्व राज्याला मोकळ्या ठेवाव्या. सप्टेंबर २०२० मध्यें शासनानें हा नियम रद्द केला. सर्वांची परीक्षा एक, मग यादीहि एकच असावी, हा त्यामागील विचार. मराठवाड्यांत महाविद्यालयें थोडीं असल्यामुळें तेथील मुलांना जुना नियम जाचत होता. आणि एकट्या नागपुरांतच दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें असल्यामुळें विदर्भांतील मुलांना तो आधार वाटत होता. तेव्हां आपल्याला जो न्याय वाटला तोच शेजाऱ्याला अन्याय वाटत होता, हें कबूल केलें पाहिजे.

तथापि यादी एक केल्यानें प्रश्न मिटला असेंहि नव्हे. नागपुरांत, पुण्यांत व लातुरांत नामांकित शिकवणीवर्ग आहेत. भामरागड अथवा धारणी येथें ते नाहींत. त्यांचें शुल्क भरणारा आणि न भरूं शकणारा यांच्या गुणांतील फरक हा केवळ बुद्धीचा फरक आहे असें कोण म्हणेल? हा दोष काट्याचा नव्हे, तो शाळांच्या विषमतेचा आहे. आणि त्याचा उपाय परीक्षागृहांत नसून परीक्षेच्या दहा वर्षें आधीं, गांवच्या शाळेंत आहे. काटा खोटा करून ती विषमता झांकतां येईल, पण दूर करतां येणार नाहीं.

सारांश

एवढ्या विवेचनांतून मला तीन गोष्टी निघतात असें वाटतें. एक यादी करावयाची असेल तर माप एक असावें. आणि माप बदलावयाचें असेल तर तें सर्वांसाठीं, व आधीं सांगून बदलावें. दुसरें, ज्याचें वजन होतें त्याला काटा पाहण्याचा, आणि चूक दाखविण्याचा, अधिकार असावा. तो दरिद्री असला तरीहि. आणि तिसरें, मापाची चूक किती असूं शकते याची कबुली माप घेणाराच्या मनांत सदैव असावी. म्हणजे अर्ध्या टक्क्यावरून मुलाचें नशीब सांगण्याचा मोह त्याला होणार नाहीं.

आम्हां शिक्षकांसाठीं यांत एक कठोर बोध आहे. अंतर्गत २० गुणांचें कोरें पत्रक आमच्या हातीं येतें, तेव्हां सर्वांना २० देऊन टाकणें फार सोंपें असतें, आणि तें दयाळूपणासारखें दिसतें. पण ज्या मुलीनें वर्षभर प्रयोगवही नेटकी लिहिली, तिचे श्रम त्या क्षणीं आम्हीं पुसून टाकतों. सर्वांना सारखें देणें आणि प्रत्येकाला त्याचें देणें यांत न्यायाचें सारें अंतर सामावलेलें आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीं एवढेंच सांगणें. गुण कमी आले आणि मनांत रास्त शंका असली, तर रडत बसूं नका. मुदतींत उत्तरपत्रिकेची प्रत मागवा, शिक्षकांसमवेत ती वाचा, आणि चूक परीक्षकाची असेल तर दाद मागा. चूक तुमचीच निघाली, तर तीहि प्रांजळपणें मान्य करा; त्या वाचनांत जें शिकाल तें गुणपत्रकांत न आलें तरी तुमचेंच राहील. आणि गुण फार आले तर शेजारच्या मुलाकडे पाहून हंसूं नका. काटा तुमच्या बाजूनें एक गुंज झुकला नसेल, असें छातीवर हात ठेवून कोण सांगूं शकेल?

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एका सत्रांत २५,००० परीक्षार्थी होते. एका मुलीच्या बरोबरीनें अथवा तिच्याहून कमी गुण २४,५०० जणांना मिळाले. तिचें पर्सेंटाइल किती? त्यावरून तिला किती टक्के गुण मिळाले हें सांगतां येईल काय? कारण द्या.

२. एका शाळेंत भाषेच्या लेखी परीक्षेंत ८० पैकीं एका विद्यार्थ्याला ६४ व दुसऱ्याला ६० गुण मिळाले. शाळेनें पहिल्याला २० पैकीं १४ आणि दुसऱ्याला २० पैकीं १९ अंतर्गत गुण दिले. यादींत पुढें कोण जाईल? हा निर्णय न्याय्य आहे कीं नाहीं, हें ठरविण्यासाठीं तुम्हांला आणखी कोणती माहिती लागेल?

३. आपल्या वर्गांतील एक निबंध, लेखकाचें नांव झांकून, पांच वर्गमित्रांना स्वतंत्रपणें तपासावयास द्या व गुणांतील अंतर पाहा. मग सर्वांनीं मिळून गुणदानाचे नियम ठरवून दुसरा निबंध तसाच तपासा. अंतर कमी झालें काय?